सहप्रवासी

आम्हा नागपूरकरांचे पाण्याशी नाते बेताचेच. पाणी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे अंबाझरी, तेलंखेडी, नाही तर गांधीसागर तलाव उभा राहतो. आणि कन्हानला पूर आला म्हणजे समुद्र पाहिल्याचे समाधान आम्ही घरबसल्या मिळवतो. खरा समुद्र येथून आगगाडीने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर. देशाच्या मध्याशी घर असण्याचा अभिमान बाळगावा तर त्याबरोबर हेही पत्करावे लागते की, कोणत्याही बाजूने निघाले तरी किनारा सारखाच लांब.

असे असूनही बोटीच्या प्रवासाची जुनी वर्णने वाचण्याचा मला फार वर्षांचा नाद आहे. त्यांतली वादळे, उडते मासे आणि सूर्यास्त मी चाळून टाकतो. सूर्यास्त नागपुरातही होतात. पण लेखक डेकवर खुर्ची टाकून शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे हळूच पाहू लागला, की मी वाचण्याचा वेग कमी करतो. माणसे न्याहाळण्यास बोटीसारखी जागा नाही. आगगाडीत समोरचा माणूस एका रात्रीचा सोबती. सकाळी तो वळकटी बांधून उतरला की संपले. बोटीवर तेच चेहरे दोन-दोन आठवडे, कधी दोन-दोन महिने समोर राहत. भांडण झाले तरी उतरून जाण्याची सोय नाही. मुखवटा चढवावा तर तो इतके दिवस टिकत नाही, आणि लाटा उसळू लागल्या म्हणजे मोठमोठ्यांचे मुखवटे कठड्यावरून समुद्रातच गळून पडतात.

ही वर्णने वाचता वाचता माझ्या मनाशी एक गोष्ट हळूहळू पक्की झाली. आपल्या लोकांना समुद्र निषिद्ध होता असे आपण म्हणतो; पण खरी भीती समुद्राची नव्हती, सहप्रवाशांची होती.

बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रसंयान हे पतनास कारण होणाऱ्या कर्मांत अगदी आरंभी सांगितले आहे. परंतु याच किनाऱ्यावर शिवाजी महाराजांनी आरमार उभारले, आंग्र्यांनी ते वाढवले, आणि आमचे भंडारी, कोळी, दालदी पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जगले. प्रश्न उभा राहिला तो पांढरपेशांचा. बोटीवर कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, कोणाशेजारी जेवायचे, स्वयंपाक कोण करणार? परत आल्यावर जे प्रायश्चित्त घ्यावे लागे त्यात लाटांचा दोष फारसा नसे, पंक्तीचा असे. १७८१ साली राघोबादादांनी आपला वकील म्हणून हनुमंतराव नावाच्या ब्राह्मणास लंडनला पाठविले. त्याच्यासोबत एक पारशी गृहस्थ आणि त्याचा मुलगा होता. या वकिलाचे आचारधर्म सांभाळण्याची पंचाईत तेथील प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क याच्या कानी गेली, आणि त्याने आपल्या बीकन्सफील्डच्या घरी या पाहुण्यांची सोय केली. झाडे ठेवण्याचे काचेचे घर त्यांना स्नान-स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले. पेशवाईतल्या ब्राह्मणाचे सोवळे इंग्लंडातल्या काचघरात सांभाळले गेले, हे चित्र मला फार गमतीचे वाटते. काचेच्या घरात बसून त्याने सोवळे पाळले खरे. पण त्या काचेतून तो बाहेर पाहत होता आणि बाहेरचे त्याच्याकडे पाहत होते. घरी परतल्यावर शुद्धी करून घेणे त्यालाही चुकले नाही.

ज्यांना सोवळे सांभाळण्याची चैन परवडणारी नव्हती, त्यांची कथा वेगळी आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातील मजूर करारावर मॉरिशसला जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. शिडाच्या जहाजाच्या पोटात आठवडेच्या आठवडे कोंडून घेतलेल्या या लोकांना जात पाळणे शक्यच नव्हते. एकाच पिंपातले पाणी आणि एकाच कढईतले अन्न. पण या जहाजांनी आपल्या भाषांना एक शब्द दिला: जहाजभाई. ज्या जहाजातून आपण आलो, त्याच जहाजातून आलेला माणूस हा भाऊ. वेस्ट इंडीजपासून फिजीपर्यंत जिथे जिथे हे मजूर गेले तिथे तिथे हे नाते सख्ख्या नात्याइतके मानले गेले. जहाजभावाच्या घरी मुलगी देऊ नये इथपर्यंत काही ठिकाणी मजल गेली. ज्या सहप्रवाशाच्या स्पर्शाने धर्म बुडतो असे म्हणत, तोच सहप्रवासी भाऊ झाला! मॉरिशसमध्ये आजही मराठी वंशाचा समाज आहे आणि गणेशचतुर्थीस तेथे सरकारी सुट्टी असते. त्यांच्या पूर्वजांनी प्रवासवर्णने लिहिली नाहीत. त्यांचे प्रवासवर्णन या एका शब्दात आले आहे.

लिहिणाऱ्यांच्या प्रवासास खरा वेग आला तो सुएझ कालव्यानंतर. १८६९ च्या नोव्हेंबरात कालवा खुला झाला आणि आफ्रिकेचा वळसा वाचला. महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. आणि मग १८८३ चा तो एप्रिल महिना आला, ज्याला मराठी प्रवासाच्या इतिहासात मानाचे पान द्यावे असे मला वाटते. ७ एप्रिल रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने अमेरिकेस निघाल्या. वय अवघे अठरा. पती गोपाळराव श्रीरामपूरच्या पोस्टात नोकरीस, ते मागेच राहिले. सोबत दोन मिशनरी बायका. त्याच महिन्यात पंडिता रमाबाई आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. दोघी दूरच्या नात्यातल्या. एकीने पूर्वेचे बंदर गाठले, दुसरीने पश्चिमेचे.

आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस! अठ्ठावन्न दिवस एक मराठी मुलगी परक्या माणसांत साडी नेसून, कुंकू लावून, निरामिष जेवून राहिली. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारीस श्रीरामपूरच्या सभेत तिने सांगितले होते की, मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. सभेत असे सांगणे एक, आणि जेवणाच्या टेबलाशी रोज तीन वेळा ते निभावणे दुसरे. आपण ज्यांच्याकडे पाहतो ते आपल्याकडे किती अधिक पाहत असतात, हे या दोघींइतके कोणी जाणले नसेल. पुरुष प्रवासी कोट-पाटलोण चढवून गर्दीत थोडा तरी मिसळून जाई. साडीला ती सोय नव्हती. डेकवर पाऊल टाकले की सगळ्या खुर्च्यांच्या माना वळत. त्या नजरांखाली राहूनही रमाबाईंनी आपली नजर खाली घातली नाही. त्यांचे प्रवासाचे पत्र 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने त्याच साली छापून निघाले, आणि पुढे १८८९ साली अमेरिकेवरचे त्यांचे मोठे पुस्तक आले. ज्यांच्याकडे जग टक लावून पाहत होते त्या बाईने उलट जगाकडे पाहिले, आणि जे पाहिले ते मराठीत लिहिले. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंना फिलाडेल्फियास पदवी मिळाली तेव्हा रमाबाई त्या समारंभास हजर होत्या. एकाच महिन्यात दोन बंदरांतून निघालेल्या दोन बोटी तिसऱ्या देशात अशा भेटल्या.

पाच वर्षांनी, ४ सप्टेंबर १८८८ रोजी, 'क्लाइड' नावाच्या बोटीने एक लाजाळू काठेवाडी तरुण मुंबईहून निघाला. हा तरुण पुढे आमच्या शेजारच्या वर्ध्याला येऊन राहणार होता, म्हणून त्याला आम्ही वैदर्भीय आपला समजतो. मोहनदास गांधी यांनी आत्मकथेत या प्रवासाची हकीकत मोकळेपणाने सांगितली आहे. काटे-चमचे धरता येईनात, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर होईना. म्हणून ते टेबलाशी जातच नसत. घरून बांधून दिलेली मिठाई आणि फळे केबिनीत बसून खात. सोबत जुनागढचे मजमुदार वकील होते. ते बिनदिक्कत सर्वांत मिसळत आणि गांधींनाही सांगत की, इंग्रजी चुकले तर चुकू दे, पण लोकांशी बोल. एका वयस्क इंग्रज प्रवाशाने गांधींना आपण होऊन बोलते केले आणि सल्ला दिला की, तांबड्या समुद्रापर्यंत ठीक आहे, पण बिस्केच्या उपसागरात मांसावाचून निभाव लागायचा नाही. निभाव लागला! इंग्लंडात उतरताना त्यांनी जपून ठेवलेले पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे अंगावर चढविले, आणि धक्क्यावर पाहतात तो त्या रंगाच्या कपड्यांत आपण एकटेच. माणसे न्याहाळणारा तरुण एका क्षणात सगळ्यांनी न्याहाळावा असा होऊन बसला.

त्या काळच्या विलायती बोटीची रचनाच अशी की, तिला तरंगता समाज म्हणावे. वरती पहिला वर्ग, त्यानंतर दुसरा, आणि त्याखाली ज्यांना उघड्या डेकवर अंथरूण टाकावे लागे ते. जेवणाच्या टेबलावर जागा ठरलेली. एकदा बसलात की प्रवास संपेपर्यंत समोर तेच तोंड. एडन आले की लोक पाण्यात नाणी टाकीत आणि पोरे सूर मारून ती दातांत धरून वर आणीत. पोर्ट सैदला जादूगार बोटीवर चढून कोंबडीची पिले हातातून काढून दाखवीत. बाकीचे दिवस रिकामे. रिकामा माणूस दुसऱ्याकडे पाहतो.

या पाहण्यातून आपल्या लोकांना एक नवाच शोध लागला. घरी साहेब दिसे तो कचेरीतल्या खुर्चीत, घोड्यावर, नाही तर बंगल्याच्या फाटकाआड. बोटीवर तोच साहेब सकाळी स्नानगृहापुढे टॉवेल खांद्यावर टाकून आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा असे. त्याला बोट लागे, पत्त्यांत तो हरे, बायको त्याला चारचौघांत बोले. आणि त्या काळी सर्रास बोलले जाई ते असे की, सुएझच्या पूर्वेला ताठ असलेली साहेबाची मान सुएझ ओलांडून पश्चिमेला गेली की सैल पडते आणि तो "गुड मॉर्निंग" म्हणू लागतो. परतीच्या प्रवासात त्याच ठिकाणी ती पुन्हा ताठते. ही ताठर मान जन्मजात नसून जागेवर अवलंबून आहे, हे एकदा कळले म्हणजे तिचा दरारा पहिल्यासारखा राहत नाही. स्वराज्याच्या चळवळीची कारणे इतिहासकार पुष्कळ सांगतात. त्या यादीच्या तळाशी स्नानगृहापुढची ही रांगही लिहावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

पण या तरंगत्या समाजातला सर्वांत बारीक पाहणारा माणूस प्रवाशांत नव्हताच. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर जेवण वाढणारे, केबिनी झाडणारे बहुतेक गोमंतकीय असत. डेकवर दोर ओढणाऱ्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ. त्यांच्यावर सारंग आणि टंडेल. खाली इंजिनाच्या भट्टीपाशी कोळसा लोटणारे आगवाले, ते बहुतेक पंजाबकडचे आणि पठाण. वरच्या डेकवरचे लोक एकमेकांना पंधरा दिवस पाहत. गोव्याचा तो वाढपी वर्षानुवर्षे पाहत आला होता. कोण बक्षिशी देतो, कोण नुसता रुबाब दाखवतो, कोणता राजा एकटा असताना रडतो, हे त्याला ठाऊक असे. मुंबईला धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या गावागावांची 'कूड' म्हणून वसतिगृहे होती. दोन फेऱ्यांच्या मधले दिवस हे लोक तेथे काढीत. तेथल्या रात्रीच्या गप्पा कोणी टिपून ठेवल्या असत्या, तर साम्राज्याचा एक निराळाच इतिहास आपल्या हाती लागला असता. प्रवासवर्णनांत मात्र हा माणूस बहुधा एका वाक्यापुरता येतो: चहा आणतो आणि जातो. पाहण्याचीही उतरंड असते. वरच्याला खालचा दिसत नाही. खालच्याला वरचा पुरता दिसतो.

याच्या उलट आमची कोकणची आगबोट. मुंबईहून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण करीत जाणाऱ्या त्या बोटीवर अनोळखी माणूस असा नसेच. ट्रंकेवर बसलेल्या चाकरमान्याने शेजाऱ्यास "गाव कोणता?" म्हणून विचारले की तिसऱ्या वाक्याला मामेबहिणीचे सासर निघे आणि पाचव्याला जमिनीचा दावा. तेथे माणसे पाहावी लागत नसत; ती आधीच माहीत असत. म्हणूनच कदाचित कोकणच्या बोटीने आपल्याला गोष्टी भरपूर दिल्या, पण परका माणूस दिला नाही. तो विलायतेच्या बोटीने दिला.

आता आमच्या नागपूरकडे वळतो. १९१५ साली पार्वतीबाई चिटणवीस यांचे 'आमचा जगाचा प्रवास' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चिटणवीस म्हणजे भोसल्यांच्या काळापासूनचे येथले मातबर घराणे. ज्या शहरातल्या बायकांना महालातून सीताबर्डीस जाणे हाच प्रवास वाटे, त्या शहरातल्या एका बाईने जग पाहावे आणि त्याचे पुस्तक करावे, याचे महत्त्व आज सहज ध्यानात येत नाही. पुस्तकाच्या नावातला 'आमचा' हा शब्द मला विशेष आवडतो. त्यात मोठेपणा नाही, घरगुतीपणा आहे. जगाचा प्रवास, पण आमचा! आणि हे पुस्तक निघाले ते पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत. त्या वेळी समुद्रात पाणबुड्या हिंडत होत्या आणि हौसेचा प्रवास जवळजवळ बंदच झाला होता.

त्या पाणबुड्यांनी एका मराठी प्रवाशाचे फार मोठे नुकसान केले. १९१७ च्या उन्हाळ्यात भीमराव आंबेडकर लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परत निघाले. त्यांची पुस्तके आणि सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट पाणबुडीने बुडविली. ते स्वतः 'कैसर-इ-हिंद' या बोटीने ऑगस्टमध्ये मुंबईस सुखरूप पोहोचले. पुस्तके गेली हे दुःख मोठेच. पण त्याहून मोठा आघात जमिनीवर वाट पाहत होता.

अमेरिका-युरोपातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव आपल्या मनातून पुसून गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. बोटीवर जेवणाचे टेबल जातीवरून लागत नसे, तिकिटावरून लागे. ही समता पुरी नव्हती. पुष्कळ गोरे लोक हिंदी माणसाच्या टेबलाशी बसण्याचे टाळीत. तरी पण तेथे ब्राह्मण आणि महार हे दोघेही फक्त 'हिंदी' असत, आणि वाढपी दोघांनाही एकाच भांड्यातून वाढी. मग बोट धक्क्याला लागली. करार असल्यामुळे आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास गेले, आणि त्या संपन्न शहरात त्यांना राहण्यास कोणी जागा देईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठाचा हा विद्वान त्या दिवशी सार्वजनिक बागेत जाऊन बसला.

बोटीवर जी गोष्ट अनेक दिवस सहज चालते, ती शिडी उतरताच अशक्य का होते, हा प्रश्न मला या सगळ्या वाचनात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समुद्रावर कोणाचा धर्म बुडाला नाही. ज्यांच्या शेजारी बसून जेवले त्यांच्याच शेजारी घरी बसता येईना, कारण घरी आजूबाजूला पाहणारी माणसे होती. बोटीवर माणूस माणसाला पाहत होता. गावात जात जातीला पाहत होती.

याच प्रश्नाची पुढची पायरी नागपुरातच आहे. १९३० च्या ऑगस्टमध्ये अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली येथे भरली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरच्या शनिवारी, ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने पहिल्या गोलमेज परिषदेस निघाले. पी. अँड ओ.ची टपालाची बोट त्या काळी शनिवारी मुंबई सोडीत असे. त्याच परिषदेस हिंदू महासभेचे पुढारी म्हणून नागपूरचे डॉ. मुंजेही गेले होते. एकाच शहराशी जोडलेली, दोन टोकांची मते असलेली ही माणसे लंडनला एका टेबलाभोवती बसली. पुढच्या साली, २९ ऑगस्टच्या शनिवारी, 'राजपुताना' बोटीने गांधीजी दुसऱ्या परिषदेस गेले. त्रेचाळीस वर्षांपूर्वी केबिनीत लपून मिठाई खाणारा तो तरुण आता दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर उघड्या डेकवरच मुक्काम करून होता. सोबतच्या मंडळींचे सामान फार झाले म्हणून रागावून त्यांनी जास्तीच्या पेट्या एडनहून परत पाठविल्या. रोज संध्याकाळी डेकवर प्रार्थना होई आणि वरच्या वर्गातले प्रवासी कठड्याशी येऊन पाहत. आता लाजायचे कारण उरले नव्हते. त्यांनी पाहावे म्हणूनच तो माणूस तेथे बसला होता. आणि डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या मैदानावर लाखो लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, ती दीक्षाभूमी आमच्या नागपुरातली. बोटीवरच्या टेबलाशी चार दिवस जे घडे, ते गावच्या मातीत कायमचे घडावे यासाठी माणसाला केवढा प्रवास करावा लागला!

नागपूरला बंदर नाही, पण सहप्रवासी भरपूर आहेत. १८६७ साली मुंबईकडून आगगाडी येथे पोहोचली. तेव्हापासून हे शहर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या माणसांचा चौक बनले. रूळांना रूळ काटकोनात छेदतात ती येथली जागा दाखवायला आम्ही पाहुण्यांना हौसेने नेतो. परंतु नागपूरचे खरे डेक म्हणाल तर ते सोनेगावचे विमानतळ, आणि तेही मध्यरात्रीचे.

३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची व्यवस्था सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतून टपालाची चार विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या आत परत फिरत. मुंबईस संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यास मिळावे, ही त्यातली योजना. थैल्यांबरोबर प्रवासीही असत. मुंबईहून कलकत्त्यास जाणाऱ्याने नागपुरास विमान बदलायचे. म्हणजे रोज मध्यरात्री, सगळे नागपूर झोपलेले असताना, चार दिशांची माणसे आमच्या गावाबाहेर एका खोलीत बसून चहा पीत. धनतोलीच्या आमच्या घरी गच्चीवर झोपलो असता त्या विमानांचा आवाज ऐकू येई, आणि आजी म्हणे, "झोप आता, टपाल आलं." तेच आमच्या घरातले बाराचे ठोके.

एकदा वडील कोणास तरी पोहोचवायला निघाले तेव्हा हट्ट धरून मी त्यांच्याबरोबर गेलो. विमाने पाहायची हौस होती, पण माझ्या लक्षात राहिली ती माणसे. एक मद्रासी गृहस्थ मांडीवर फायली ठेवून उभ्या गंधासह झोपी गेले होते. एक बंगाली आजोबा शेजारच्या शीख जवानाला रसगुल्ल्यांच्या मडक्यातला एक रसगुल्ला आग्रहाने देत होते, आणि दोघांची भाषा एक नसल्याने सगळा आग्रह हातवाऱ्यांनी चालला होता. कोपऱ्यात एक पारशी बाई अंगावर शाल घेऊन घड्याळ पाहत होत्या. तासाभराने घोषणा झाल्या, सगळे उठले आणि चार दिशांना निघून गेले. त्यांतल्या एकालाही नागपूर दिसले नाही. नागपूरने मात्र त्यांना पाहिले. १९७३ साली ही सेवा बंद पडली. त्यानंतर आमच्या शहराची मध्यरात्र रिकामी झाली.

आज मुंबईहून पुन्हा प्रवासी बोटी सुटतात. त्यांना क्रूझ म्हणतात. १८८३ साली बोट पोहोचण्यासाठी होती. आताची बोट फिरण्यासाठी आहे, जेथून निघाली तेथेच बहुधा परत येते. गेल्या वर्षी लेकीच्या आग्रहाने मीही तीन रात्रींचा तसा प्रवास केला. गोमंतकीय वाढपी अजून आहेत हे पाहून बरे वाटले. पहिल्या दिवशी डेकवर बसलो तर प्रत्येक माणूस हातातल्या मोबाइलमध्ये पाहत होता, आणि जो समुद्राकडे पाठ करून उभा असे तो स्वतःचे छायाचित्र घेत असे. दुसऱ्या दिवशी दुपारी किनारा दूर राहिला, मोबाइलचा संपर्क तुटला, आणि चमत्कार झाला. माणसांनी माना वर केल्या. पाच मिनिटांत पुण्याच्या एका जोडप्याने आम्हास चिवडा दिला. राजकोटच्या एका आजींनी माझ्या लेकीला जवळ बसवून तिचे सगळे खानदान विचारून घेतले. इंदूरचे एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "तुम्ही नागपूरचे ना? पासष्ट साली एका रात्री मी तुमच्या गावी दोन तास बसलो होतो. पण गाव काही पाहिलं नाही." मी म्हटले, "सोनेगाव! मध्यरात्री!" ते चकित झाले. मग पुढचा सगळा वेळ आम्ही त्या एका खोलीविषयी बोलत बसलो: चहा कसा होता, बाके कशी होती, कोण कोण भेटे. मास्तरांना तेव्हा शेजारी बसलेला एक तरुण नाव-गावासकट आठवत होता. पुढे तीस वर्षे दोघांची पत्रे चालली होती, आणि ती सगळी टपालाने.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळजण प्रवासाला निघाले असतील. कदाचित हा अंकही कोणी आगगाडीत बसून वाचत असेल. तसे असेल तर माझी एक विनंती आहे. हे पान झाले म्हणजे अंक मिटून मांडीवर ठेवा आणि समोरच्या बाकावर कोण बसले आहे ते पाहा. तो मघापासून तुमच्याकडे पाहत असेल, आणि डब्यातला फराळ कसा पुढे करावा याचाच विचार करीत असेल.